आघातापासून आज्ञेपर्यंत : मोबाइलमधील गतिसंवेदक आणि टिचकीने घडणाऱ्या स्वयंचलित क्रियांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

यंत्राला आज्ञा देण्याचे मार्ग मानवाने काळानुरूप बदलत नेले. तरफ, कळ, बटण, कळफलक, माउस आणि स्पर्शपटल असा हा प्रवास सर्वपरिचित आहे. या प्रवासातील एक टप्पा मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. मोबाइलच्या पाठीवर बोटाने दोन किंवा तीन वेळा टिचकी मारताच दिवा लागणे, पडद्याचे छायाचित्र निघणे किंवा आधी जुळवून ठेवलेली क्रियांची संपूर्ण मालिका सुरू होणे, हा तो टप्पा होय. मोबाइलच्या पाठीला कोणतेही बटण नसते आणि तेथे स्पर्श ओळखणारा पडदाही नसतो. तरीही यंत्राला टिचकी कळते, कारण त्याच्या अंतर्भागातील गतिसंवेदक तो सूक्ष्म धक्का टिपतो.

हा संवेदक टिचकीसाठी जन्माला आलेला नाही. पूल, विमाने आणि मोटारी यांना बसणारे हादरे मोजणे हे त्याचे मूळ कार्य होते. मोठा आघात मोजणारे साधन बोटाची हलकी टिचकी ओळखू लागले, हे स्थित्यंतर कसे घडले, ते कोणी घडवले आणि त्याचा लाभ व धोका कोणाच्या वाट्याला आला, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक अभ्यासपद्धतीचा अवलंब केला आहे.

त्वरणमापकाची पूर्वपीठिका

वेगात होणाऱ्या बदलाचा दर म्हणजे त्वरण. ते मोजणाऱ्या साधनास त्वरणमापक असे म्हणतात. व्यवहारात ॲक्सेलरोमीटर हाच शब्द रूढ आहे. त्याचे तत्त्व साधे आहे. धावती बस अचानक थांबली की उभा प्रवासी पुढे झुकतो. त्याचप्रमाणे स्प्रिंगला बांधलेले एखादे वजन, त्याची चौकट हलताच, जडत्वामुळे मागे राहते. वजन आणि चौकट यांच्यात पडणारे हे अंतर मोजले की त्वरण कळते.

अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत बर्टन मॅक्कॉलम आणि ऑर्विल पीटर्स यांनी १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात कार्बनच्या चकत्यांवरील दाबामुळे बदलणाऱ्या विद्युतरोधावर आधारित त्वरणमापक तयार केला. त्याचे वजन सुमारे एक पौंड होते. त्यानंतर दाबविद्युत स्फटिकांचा वापर करणारी साधने आली. १८८० मध्ये जाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी दाखवून दिलेल्या गुणधर्मावर, म्हणजे ठरावीक स्फटिकांवर दाब पडताच विद्युतभार निर्माण होतो या तथ्यावर, ती आधारलेली होती. ही सर्व साधने प्रयोगशाळा, कारखाने आणि विमानचाचण्या यांच्यापुरती मर्यादित होती. सामान्य माणसाचा त्यांच्याशी संबंध येण्याचे कारण नव्हते.

निर्णायक बदल सिलिकॉनमुळे झाला. १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लिन रॉयलन्स आणि जेम्स एंजेल यांनी सिलिकॉनच्या चकतीवर एकगठ्ठा पद्धतीने तयार करता येणारा त्वरणमापक सादर केला. १९८२ मध्ये कर्ट पीटरसन यांनी सिलिकॉन हा केवळ विद्युतमंडलांचा पदार्थ नसून यांत्रिक भाग घडविण्याचाही उत्तम पदार्थ आहे, असे सविस्तर निबंधाद्वारे मांडले. स्प्रिंग, वजन आणि चौकट ही तिन्ही अंगे आता डोळ्यांना न दिसणाऱ्या आकारात कोरता येऊ लागली.

मोटारीतील पहिला निर्णय : खड्डा की अपघात?

या सूक्ष्म साधनाला पहिली मोठी बाजारपेठ मोटारीतील हवेच्या पिशवीने, म्हणजे एअरबॅगने, मिळवून दिली. आरंभीच्या एअरबॅगमध्ये यांत्रिक संवेदक असत. ॲलन ब्रीड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेल्या रचनेत नळीतील गोळी धक्क्यासरशी जागा सोडून पुढे जाई आणि विद्युतमंडल पूर्ण होई. अशा संवेदकांची जागा पुढे सिलिकॉनने घेतली. ॲनालॉग डिव्हायसेस या कंपनीने १९९१ मध्ये जाहीर केलेला आणि १९९३ पासून मोठ्या प्रमाणावर उत्पादित होऊ लागलेला एडीएक्सएल५० हा संवेदक गुरुत्वत्वरणाच्या ५० पटींपर्यंतचे त्वरण मोजू शकत असे. त्यात कंगव्याच्या दातांसारख्या सूक्ष्म पट्ट्या स्थिर पट्ट्यांच्या मधोमध बसविलेल्या होत्या. धक्क्याने त्या सरकल्या की विद्युतधारितेत फरक पडे आणि तो मोजला जाई. अमेरिकेत १९९१ च्या कायद्यान्वये नव्या मोटारींत पुढील दोन्ही आसनांसाठी एअरबॅग टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. मागणी वाढली, उत्पादन वाढले आणि किमती उतरल्या.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. एअरबॅग ही धक्क्याने सुरू होणारी स्वयंचलित क्रियाच होय. मोटार खड्ड्यातून गेली तरी धक्का बसतो आणि भिंतीवर आदळली तरी बसतो. पहिल्या प्रसंगी पिशवी फुगली तर तीच अपघाताचे कारण ठरेल. दुसऱ्या प्रसंगी न फुगल्यास प्राण जातील. त्यामुळे केवळ धक्का मोजणे पुरेसे नव्हते. दखल घेण्याजोगा धक्का कोणता हे ठरवावे लागत होते. पुढे मोबाइलच्या टिचकीसमोर नेमका हाच प्रश्न सौम्य स्वरूपात उभा राहिला.

संगणकावरील टकटक

२००३ मध्ये आयबीएमने आपल्या थिंकपॅड मालिकेतील काही संगणकांत त्वरणमापक बसविला. संगणक हातातून निसटला तर जमिनीवर आदळण्यापूर्वीच त्याचे पडणे ओळखून फिरत्या तबकडीवरील वाचनशीर्षे सुरक्षित जागी हलविणे, हा त्यामागील हेतू होता. २००५ मध्ये ॲपलने पॉवरबुकमध्ये अशीच सोय आणली. कंपन्यांच्या दृष्टीने हा संवेदक विम्यासारखा होता. अपघात घडेपर्यंत त्याचे अस्तित्व वापरणाऱ्यास जाणवण्याची गरज नव्हती.

जिज्ञासू प्रोग्रामरांनी मात्र त्याचा निराळा उपयोग शोधला. २००५ मध्येच लिनक्स प्रणालीत थिंकपॅडमधील संवेदकाची मापने वाचणारा चालक उपलब्ध झाला होता. २००६ मध्ये ‘स्मॅकबुक’ या नावाने गाजलेल्या एका प्रयोगात ॲपलच्या संगणकाच्या डाव्या किंवा उजव्या कडेला चापटी मारताच पडद्यावरील कार्यक्षेत्र बदलत असे. त्याच वर्षी आयबीएमच्या विकसकांसाठीच्या प्रकाशनात आलेल्या एका लेखाने, थिंकपॅडवर ठरावीक तालात टकटक करून हव्या त्या आज्ञा कशा चालवाव्यात, हे आज्ञावलीसह दाखवून दिले. दारावरच्या टकटकीवरून घरातील माणसे आलेल्याला ओळखतात. तसाच काहीसा संकेत येथे माणूस आणि यंत्र यांच्यात ठरत होता. टिचकीला हव्या त्या क्रियेशी जोडण्याची कल्पना या प्रयोगांत स्पष्टपणे आढळते. ज्या साधनाचे काम संगणकाला धक्क्यापासून वाचविणे हे होते, त्याच्याच साहाय्याने आज्ञा देण्यासाठी लोक संगणकाला धक्के देऊ लागले, हा या इतिहासातील विरोधाभास होय.

मोबाइलमधील प्रवेश

हातात मावणाऱ्या साधनाला हालचालींद्वारे आज्ञा देण्याची कल्पना संशोधकांत यापूर्वीच रुजली होती. १९९६ मध्ये जुन रेकिमोटो यांनी लहान पडद्याचे साधन कलते करून ते चालविण्याची पद्धत मांडली. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील केन हिंक्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हस्तसंगणकाला संवेदक जोडून पडदा आडवा-उभा होण्यासारख्या क्रिया घडवून दाखविल्या.

बाजारात २००५ च्या सुमारास सॅमसंग आणि शार्प यांनी गती ओळखणारे मोबाइल आणले. २००६ मध्ये जाहीर झालेल्या नोकिया ५५०० स्पोर्ट या मोबाइलमध्ये टिचकी मारून संगीत नियंत्रित करण्याची सोय होती. २००७ मधील नोकिया ८८०० आर्टेवर दोन टिचक्या मारताच वेळ दिसे, तर तो पालथा घातला की वाजणारी घंटा शांत होई. सोनी एरिक्सनच्या त्याच वर्षीच्या काही वॉकमन मोबाइलमध्ये यंत्र झटकून गाणे बदलता येत असे. आयफोन २००७ मध्ये आला, तेव्हा त्यातील त्वरणमापकाचे ठळक काम पडदा आडवा-उभा करणे हे होते. स्थिर अवस्थेतही संवेदकास गुरुत्वाकर्षण जाणवत असल्याने खालची दिशा कोणती, हे त्याला कळते.

या टप्प्यावर टिचकीचा अर्थ कंपनीने ठरवून दिलेला होता. नोकियाने वेळ दाखवायचे ठरविले म्हणून वेळ दिसे. त्याऐवजी घरी फोन लागावा असे एखाद्यास वाटले, तरी तो बदल सहजी करता येत नसे. आज्ञेची खूण वापरणाऱ्याच्या हाती आली होती; आज्ञेचा आशय मात्र आला नव्हता.

टिचकी ओळखण्याचे गणित

टिचकी ओळखण्याचे काम या काळात संवेदकाच्या चिपमध्येच होऊ लागले. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या एलआयएस३०२डीएल आणि ॲनालॉग डिव्हायसेसच्या एडीएक्सएल३४५ या संवेदकांत एकेरी व दुहेरी टिचकी ओळखण्याची व्यवस्था अंतर्भूत होती. एडीएक्सएल३४५ मध्ये त्यासाठी चार मूल्ये निश्चित करावी लागतात. पहिले मूल्य धक्क्याच्या तीव्रतेची किमान मर्यादा सांगते. दुसरे मूल्य धक्क्याचा कमाल कालावधी ठरविते; तो ०.६२५ मिलिसेकंदाच्या पटीत मोजला जातो. धक्का याहून लांबला तर ती टिचकी नसून हेलकावा समजला जातो. तिसरे मूल्य म्हणजे पहिल्या टिचकीनंतरची कंपने शमेपर्यंतचा विराम होय. चौथे मूल्य दुसऱ्या टिचकीची वाट पाहण्याचा अवधी सांगते. ही शेवटची दोन मूल्ये १.२५ मिलिसेकंदांच्या पटीत मांडली जातात.

या रचनेचे दोन परिणाम झाले. एक म्हणजे मुख्य प्रोसेसर निद्रिस्त असतानाही अल्प विजेवर चालणारा संवेदक राखणदारासारखा जागा राहून गरजेपुरते त्याला उठवू शकला. दुसरे म्हणजे एकेरी टिचकीपेक्षा दुहेरी टिचकी विश्वासार्ह ठरली. मोबाइल मेजावर ठेवताना एक धक्का सहज बसतो; ठरावीक अंतराने लागोपाठ दोन नेमके धक्के योगायोगाने बसण्याची शक्यता बरीच कमी असते.

तरीही ही शक्यता शून्य नव्हती. २०१० मध्ये स्कॉट हडसन, ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी कमरेला लावलेल्या मोबाइलवर चापटी मारून, तो बाहेर न काढताच प्रतिसाद देण्याची पद्धत अभ्यासली. माणूस चालत, बसत, उठत असताना नकळत होणाऱ्या हालचालींतून हेतुपूर्वक मारलेली चापटी वेगळी काढणे, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. पुढे त्वरणमापकाच्या जोडीला परिवलन मोजणारा जायरोस्कोप आला. २०१० च्या आयफोन ४ मध्ये तो होता. कालांतराने ठरावीक मर्यादांच्या जागी असंख्य नमुन्यांवर प्रशिक्षित केलेली यंत्राध्ययनाची प्रतिमाने वापरात आली.

‘असे झाले तर तसे कर’ : स्वयंचलनाचा दुसरा प्रवाह

संवेदकांच्या प्रगतीला समांतर असा दुसरा प्रवाह सामान्य वापरकर्त्याच्या हाती स्वयंचलन देणाऱ्या ॲपचा होता. २००८ च्या पहिल्या अँड्रॉइड विकसक स्पर्धेत पारितोषिक मिळविणारे ‘लोकेल’ हे ॲप स्थळासारख्या परिस्थितीनुसार मोबाइलची मांडणी आपोआप बदलत असे. २०१० मध्ये आलेल्या ‘टास्कर’ने ही कल्पना पुष्कळच विस्तारली. एखादी घटना आणि तिला जोडलेली क्रिया असे नियम वापरणाऱ्यास स्वतः रचता येऊ लागले व त्या घटनांत मोबाइलच्या हालचालींचाही समावेश होता. आयफोनसाठी २०१४ मध्ये ‘वर्कफ्लो’ हे ॲप आले. ॲपलने ते २०१७ मध्ये विकत घेतले आणि २०१८ मध्ये ‘शॉर्टकट्स’ या नावाने सादर केले.

हे दोन प्रवाह २०२० मध्ये एकत्र आले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या आयओएस १४ या प्रणालीत ‘बॅक टॅप’ ही सोय समाविष्ट झाली. आयफोन ८ आणि त्यापुढील मोबाइलच्या पाठीवर दोन किंवा तीन टिचक्या मारून एखादी ठरावीक क्रिया किंवा स्वतः रचलेला शॉर्टकट चालविणे शक्य झाले. गूगलने अशीच सोय अँड्रॉइड ११ च्या पूर्वावृत्तीत आजमावली आणि २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ सोबत काही पिक्सेल मोबाइलमध्ये ‘क्विक टॅप’ या नावाने आणली. या सोयीसाठी कोणताही नवा भाग बसवावा लागला नाही. मोबाइलमध्ये वर्षानुवर्षे असलेल्या संवेदकाला नवा अर्थ दिला गेला. थिंकपॅडवर टकटक करणाऱ्या प्रोग्रामरला जे आज्ञावली लिहून साधावे लागले होते, ते चौदा वर्षांनी मांडणीच्या एका यादीतून निवडता येऊ लागले.

सुगम्यतेचा प्रश्न

ॲपलने ही सोय मांडणीतील सुगम्यता या विभागात ठेवली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. याच विभागात दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखविणारी २००९ पासूनची व्हॉइसओव्हर आणि हाताच्या हालचालींवर मर्यादा असणाऱ्यांसाठी २०११ पासूनची असिस्टिव्हटच या सोयी आहेत. स्पर्शपटल गुळगुळीत असल्याने दृष्टिहीन व्यक्तीला त्यावरील जागा बोटाने चाचपून शोधता येत नाही. ज्याच्या बोटांत नेमकेपणा नाही त्याला छोट्या चिन्हावर बोट ठेवणे अवघड जाते. मोबाइलची पाठ मात्र सबंध एक बटण बनते. तेथे नेम धरावा लागत नाही. धडधाकट व्यक्तीसाठी जी गंमत किंवा काही क्षणांची बचत असते, तीच दुसऱ्या व्यक्तीसाठी कोणाच्याही मदतीवाचून फोन वापरण्याची शक्यता असते.

तथापि या सोयीची मर्यादाही नोंदविणे प्राप्त आहे. हात थरथरणाऱ्या व्यक्तीकडून अनाहूत धक्के अधिक घडतात, तर स्नायू दुर्बल असणाऱ्याची टिचकी किमान तीव्रतेपर्यंत पोहोचत नाही. टिचकी ओळखण्याचे मूल्य ‘सर्वसाधारण’ हातावरून ठरविले गेले, तर ज्यांच्यासाठी सोय उपकारक ठरावी तेच तिच्या बाहेर राहतात. पिक्सेलमध्ये अधिक जोरकस टिचकीची अट घालण्याचा पर्याय आहे. तो अनाहूत धक्क्यांवर उपाय असला, तरी दुर्बल हाताच्या उपयोगाचा नाही.

भारताच्या संदर्भात हा प्रश्न कायद्याशी निगडित आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान सुगम असावे यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. त्याच वर्षी भारत सरकारने मोबाइलमध्ये संकटकाळी मदत मागण्याची कळ असणे नियमान्वये आवश्यक केले आणि स्मार्टफोनमध्ये चालू-बंद करण्याचे बटण लागोपाठ तीन वेळा दाबणे हा त्याचा एक मार्ग सांगितला. येथे गतिसंवेदक नाही. परंतु पडद्याकडे न पाहता, एक छोटी कृती पुन्हा पुन्हा करून यंत्राला महत्त्वाची आज्ञा देणे, हे तत्त्व तेच आहे.

टिचकीची दुसरी बाजू

जो संवेदक टिचकी ओळखतो, तो इतर अनेक गोष्टी ओळखू शकतो. २०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या दोन संशोधनांनी हे ठळकपणे पुढे आणले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी पडद्यावर अंक दाबताना मोबाइलला होणाऱ्या सूक्ष्म हालचालींवरून कोणते अंक दाबले गेले याचा अंदाज बांधता येतो, असे दाखविले. जॉर्जिया टेकमधील संशोधकांनी मेजावर संगणकाच्या कळफलकाशेजारी ठेवलेल्या आयफोन ४ च्या त्वरणमापकाने टंकलेखनाची कंपने टिपली आणि त्यावरून टंकलिखित शब्द ८० टक्क्यांपर्यंत अचूकतेने ओळखता येतात, असा निष्कर्ष काढला. ध्वनिग्राहक किंवा कॅमेरा वापरण्यासाठी परवानगी मागितली जात असे. गतिसंवेदक मात्र निरुपद्रवी समजला जात असल्याने त्याला तशी अट नव्हती.

या धोक्याची दखल सावकाश घेतली गेली. २०१९ मध्ये ॲपलने सफारी ब्राउझरमधून संकेतस्थळांना मिळणारी गतिसंवेदकाची माहिती प्रथम रोखली आणि नंतर ती वापरणाऱ्याच्या परवानगीवर अवलंबून ठेवली. २०२१ मधील अँड्रॉइड १२ ने विशेष परवानगी नमूद न करणाऱ्या ॲपसाठी मापनाचा वेग सेकंदास २०० मापनांपर्यंत मर्यादित केला. धोका दिसल्यापासून उपाय होईपर्यंत आठ ते दहा वर्षांचा कालावधी गेला, हे लक्षणीय होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. टिचकीने चालणारे स्वयंचलन हा एका शोधाचा परिणाम नसून सुरक्षेसाठी स्वस्त झालेला सूक्ष्म संवेदक आणि वापरणाऱ्याने रचावयाचे नियम, या दोन प्रवाहांच्या संगमाचा परिणाम आहे.

२. संवेदकाचा नवा अर्थ प्रथम प्रयोगशील वापरकर्त्यांनी आणि संशोधकांनी शोधला. उत्पादकांनी तो नंतर आपल्या प्रणालीत सामावून घेतला.

३. एअरबॅगपासून बॅक टॅपपर्यंत मूळ समस्या एकच राहिली आहे, ती म्हणजे असंख्य धक्क्यांतून अर्थपूर्ण धक्का वेगळा काढणे. एअरबॅगमध्ये अपघात ओळखावा लागला, मोबाइलमध्ये माणसाचा हेतू ओळखावा लागतो.

४. या सोयीचे खरे मूल्य तिच्या सुगम्यतेत आहे. टिचकीची तीव्रता आणि तिचा काळ ठरविण्याचा अधिकार वापरणाऱ्याच्या हाती असल्याखेरीज हे मूल्य पूर्णत्वास जाणार नाही.

५. आज्ञा ऐकण्यासाठी सदैव जागा असणारा संवेदक न दिलेल्या आज्ञाही ऐकत असतो. म्हणून त्याच्या मापनांवर कोणाचा अधिकार असावा हा प्रश्न तांत्रिक नसून नागरी हक्कांचा आहे.

शतकभरापूर्वी पौंडभर वजनाच्या पेटीने हादरे मोजण्यास आरंभ झाला. आज तेच कार्य करणारा कण प्रत्येक खिशात आहे आणि बोटाच्या हलक्या टिचकीला उत्तर देत आहे. ती टिचकी कोणाच्या बोटाची आहे आणि तिची नोंद कोणाकडे जाते, या दोन गोष्टींची जाणीव ठेवूनच या तंत्राचा पुढील विकास होणे इष्ट ठरेल.